चिमूटभर मैदा

राजेश्वरीच्या चहाघराला वर्ष होऊन गेलं, तरी गावानं त्याचं नाव काही तोंडात बसवून घेतलं नव्हतं. फाटकावर तिनं स्वतः रंगवलेली पाटी होती, ‘पेरूखालचा चहा’. निळी अक्षरं आणि शेजारी एक पेरू, जो बेलापुरातल्या बहुतेकांना वांगं वाटायचा. गाव म्हणायचं ‘बाईचं हाटेल’. “बाईच्या हाटेलापाशी थांब, आलोच,” असं माणसं एकमेकांना फोनवर सांगत, फाटकाशी थांबतही, आणि आत मात्र येत नसत.

खरं तर तिला असलं काही काढायचंच नव्हतं. पूजानं, तिच्या मुलीनं, पुण्यात घर बदलताना जुना ओव्हन आईकडे पाठवून दिला, तेवढंच निमित्त. आधी बिस्किटं झाली, मग नानकटाई, मग केक. घरात खाणारी माणसं दोन, आणि त्यातला एक, म्हणजे तिचा नवरा गोरक्षनाथ, केकला ‘फुगलेला पाव’ म्हणणारा. मग संपवायचा कुणी? राजेश्वरीनं पेरूखाली टेबलं मांडली, खुर्च्या आणल्या आणि नवऱ्याला सांगून टाकलं की आपण चहा विकणार.

बाग मात्र आधीपासूनची होती. कंपाउंडच्या कडेनं गवती चहा आणि पुदिना, नळाच्या सांडपाण्यावर आल्याचा वाफा, फाटकाशी शेवंती आणि झेंडू, पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर चढून बसलेला लाल भोपळ्याचा वेल. चहात पडायचं ते सगळं तिथलं तिथं खुडलेलं. शिर्डीला निघालेली आणि मोबाईलच्या नकाशानं भलत्याच रस्त्याला लावलेली एखादी गाडी यायची, श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या मुली यायच्या. ती माणसं पेरूखाली बसून फोटो काढत, चहाची तारीफ करत आणि जाताना गवती चहाची जुडी मागून नेत. पण ही सगळी बाहेरची. गावातल्या बायांचं म्हणणं असं की चहा काय, घरी मिळतो, आणि केकात अंडं असतं. बिनअंड्याचाही असतो असं सांगितलं, तर त्या एकमेकींकडे बघून नुसत्या “हं” म्हणत.

गोरक्षनाथ तसा वाईट माणूस नव्हे. आवाज मोठा, एवढंच. पण उन्हाळ्यात त्यानं नवा ट्रॅक्टर घेतला आणि तेव्हापासून तो माणसातून उठला. सकाळी उठल्याबरोबर ट्रॅक्टरचं तोंड पुसायचा. पावसाळाभर तो लाल ट्रॅक्टर प्लास्टिकच्या कागदाखाली उभा राहिला, तर ह्याला रात्री झोप लागेना. बायको भर पावसात वाळत घातलेले कपडे काढायला धावायची, तेव्हा मात्र हा गाढ झोपलेला असायचा. पोळा झाला, गणपती गेले आणि एक दिवस तो टेम्पोतून पत्रे घेऊन आला.

“शेड बांधतो,” तो म्हणाला.

“कुठं?”

त्यानं पेरूकडे बोट केलं. फाटकातून सरळ आत यायला तेवढीच जागा आहे, बाकीकडे वळण बसत नाही, वगैरे त्यानं बरंच सांगितलं. राजेश्वरीनं त्यातलं काही ऐकलं नाही. तिनं फक्त पेरूकडे बघितलं.

“आनि माजं चहाघर?”

“कुठं चालतंय ते? खुर्च्या बसून बसून कंटाळल्या.” मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. “बरं, आसं कर. दसऱ्यापातुर तुज्या खुर्च्या भरून दाखव. सगळ्या एकदम, हितल्या मानसांनी. भरल्या तर मी पत्रे परत करतो. न्हाई भरल्या तर दसऱ्याची ट्रॅक्टरची पूजा शेडात.”

राजेश्वरीला संताप आला आणि पाठोपाठ रडू आलं, पण दोन्ही तिनं गिळलं. हे झाड तिनं लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेलं. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, घरपट्टीवर नव्हतं, लाइटबिलावर नव्हतं. पण पेरूखाली बसलेलं माणूस “ताई, चहा काय सुंदर झालाय” असं तिला म्हणायचं, गोरक्षनाथाला नाही. हे चहाघर गेलं असतं तर ती पुन्हा नुसती ‘आतून पाणी आण गं’ झाली असती.

“बरं,” ती म्हणाली.

म्हणून बसली आणि मग तिच्या लक्षात आलं की दसऱ्याच्या आधी नवरात्र असतं. आणि नवरात्रात बेलापुरातल्या बाया काही खात नाहीत.

काही म्हणजे धान्य नाही. साबुदाणा, भगर, रताळी, राजगिरा, शेंगदाणे हे सगळं भरपूर खातात, पण मैद्याच्या केकाला आणि नानकटाईला कोण हात लावणार? नऊ दिवस खुर्च्या मोकळ्या, दहाव्या दिवशी शेड. नवऱ्यानं हे हिशेब करून केलं की नुसतंच तोंडाला आलं ते बोलला, यावर राजेश्वरीनं बराच विचार केला आणि शेवटी ठरवलं की एवढा विचार त्याला जमणार नाही.

मग तिच्या डोक्यात आलं: उपासाचा केक करायचा. राजगिऱ्याचं पीठ, थोडं शिंगाड्याचं, दही, गूळ, तूप, आणि आपल्या वेलावरचा भोपळा किसून. देवळात दुपारी भजनाला जमणारं सगळं मंडळ उठून इकडं आलं की खुर्च्या अपुऱ्या पडतील. अडचण एकच होती. कुंपणापलीकडे मनकर्णा होती.

मनकर्णा म्हणजे राजेश्वरीची थोरली जाऊ. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघींच्या अंगणांमध्ये मेंदीचं कुंपण आणि बोलण्यात कामापुरते शब्द. मनकर्णाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा हर्षल चाकणला कंपनीत. ती एकटीच असायची, पण तिचा फोन सकाळपासून वाजत असायचा. कारण उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही, याचा निकाल बेलापुरात तीच द्यायची. “काकू, कोथिंबीर चालती का?” “जिरं चालतं, मग जिऱ्याची पूड चालती का?” “पोरानं दहीवड्याचा चमचा साबुदान्यात घातला, आता काय करू?” मनकर्णा डोळे मिटायची, जरा थांबायची आणि मग एका शब्दात सांगायची. चालतं, किंवा चालत नाही. तिनं चालत नाही म्हटल्यावर ती गोष्ट गावात नऊ दिवस चालत नसे. ती स्वतः लग्न होऊन आल्यापासून नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस उपास धरायची, आणि तो कधी मोडला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही, असं ती सांगायची, आणि तिच्यासमोर कुणी शंका घेत नसे.

चहाघरात तिनं अजून पाऊल टाकलं नव्हतं. “आपल्या घरचा चहा कुनी इकतं का?” एवढंच एकदा कुंपणावरून म्हणाली होती.

राजेश्वरीनं आधी गुपचूप प्रयोग केले. पहिला केक असा झाला की गोरक्षनाथानं तो काही न बोलता उचलला आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली दगडाऐवजी लावला. दुसरा वर फुगला आणि आत खिरीसारखा राहिला. तिसरा तिनं स्टीलच्या वाटीत केळीचं पान घालून भाजला, आणि तो मात्र असा जमला की ओव्हनपाशी उभ्या उभ्याच तिनं निम्मा संपवला. उरलेला निम्मा ताटलीत घेऊन, डोक्यावरून पदर घेऊन, ती नवरात्राच्या चौथ्या दिवशी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली.

“आक्का, एवढं उपासाला चालतं का सांगा.”

मनकर्णानं ताटलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि चष्मा लावला.

“काय हाय ह्यात?”

राजेश्वरीनं सांगितलं. मनकर्णानं एकेक जिन्नस सुटा दाखव म्हणून सांगितलं, आणि मग ते इथं आणण्यापेक्षा मीच येते म्हणाली. ती आली ती फाटकातून नव्हे, मागच्या दारानं, सरळ स्वयंपाकघरात. पिठाचे डबे उघडून वास घेतला. दही घरच्या विरजणाचं का, विचारलं. गुळाचा खडा जिभेवर ठेवला. भोपळ्याला चालतं म्हणाली. मग पुढ्यात आला खायचा सोडा, आणि तिथं गाडी अडली. मनकर्णानं डोळे मिटले.

“मीठ चालतं,” मनकर्णा हळूहळू म्हणाली. “सोडा बी खारट. म्हंजे मिठाचीच जात.” डोळे उघडले. “चालतं.”

राजेश्वरीला तिच्या पायाच पडावंसं वाटलं, आणि ती पडलीही.

“उद्या पंचमी हाय,” मनकर्णा तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाली, “मंडळाला घिऊन येते. पन भांडी मी सांगितल्याबिगर वापरायची न्हाईत. पातेलं, चमचा, किसनी, सगळं घासून ठिव.” आणि तिनं पातेलं, चमचा, किसणी, गाळणी, एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. जे बघायचं राहिलं ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

पंचमीला सकाळपासून राजेश्वरीची धांदल. वाटीतल्या केकनं मंडळाला काय पुरणार? तिनं रोजचं मोठं चौकोनी भांडं काढलं, लख्ख घासलं. ओव्हन तापला, पीठ कालवून झालं, सोडा पडल्यावर थांबायला वेळ नसतो, आणि तेवढ्यात पूजाचा फोन आला. फोन खांद्यानं कानाशी दाबून ती बोलत राहिली आणि हात आपलं काम करत राहिले. भांड्याला तूप लावायचं, चिमूटभर मैदा भुरभुरायचा, भांडं फिरवून सगळीकडे पोचवायचा, उलटं करून थापटून उरलेला झटकून टाकायचा. म्हणजे केक चिकटत नाही. वर्षभर रोज केलेलं काम. त्याला डोकं लागत नाही. त्या दिवशीही लागलं नाही.

दुपारी भजन संपलं आणि मंडळ आलं. त्या दिवसाचा रंग हिरवा होता, म्हणून सगळ्या बाया हिरव्या साड्यांत. पेरूखाली येऊन बसल्या तर बाग कुठं संपते आणि बाया कुठं सुरू होतात ते कळेना. खुर्च्या भरल्या, मग ओट्यावर सतरंजी टाकली, तीही भरली. मधल्या खुर्चीवर मनकर्णा, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, एखाद्या समारंभाच्या अध्यक्षासारखी. तिच्या शेजारी बनूबाई, मंडळातली सगळ्यात म्हातारी, टाळ वाजवायला पहिली आणि प्रसादाला त्याहून पहिली.

राजेश्वरीनं केक कापून ताटल्या फिरवल्या, पाठोपाठ गवती चहा आणि आलं घातलेला चहा. सगळ्यांनी आधी मनकर्णाकडे बघितलं. मनकर्णानं तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावला.

“चालतं,” मनकर्णा म्हणाली. मग आणखी एक तुकडा मोडला. “लई चालतं.”

त्यानंतर जी गडबड उडाली ती विचारू नका. कुणी रेसिपी विचारते, कुणी भोपळ्याचं बी मागते, कुणी बहिणीला फोन लावते की लगेच इकडे ये. आजवर फाटकाशी थांबणाऱ्या बाया आज आत बसून चहाला “अजून थोडा” म्हणत होत्या. मनकर्णानं स्वतः आणखी एक तुकडा मागून घेतला, आणि ताटली पुढं करताना ती राजेश्वरीकडे बघून हसली. चुली वेगळ्या झाल्यापासून पहिल्यांदा. राजेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. चहाघर वाचलं, तिच्या मनात आलं, झाड वाचलं.

दुसरा केक ओव्हनमध्ये घालायचा म्हणून ती आत गेली. भांडं घासायला घेतलं. तर भांड्याच्या कोपऱ्यात, तुपाला धरून, एक पांढरी रेघ.

तिनं बोटानं ती रेघ खरवडली आणि जिभेला लावली. मग ओट्यावर मैद्याचा डबा दिसला, झाकण नीट न लागलेला. ती तिथंच खाली बसली.

बाहेर बाया हसत होत्या. कुणाला काही कळणार नव्हतं. भांडं घासलं की संपलं, आणि पुढचा केक राजगिऱ्याच्या पिठावर. देवी काय चिमूटभर मैद्यासाठी कुणाला जाब विचारणार? राजेश्वरीनं भांडं नळाखाली धरलं. खिडकीतून तिला मनकर्णा दिसत होती, एवढ्या वर्षांचा उपास पोटात धरून बसलेली, शेवटचा चुरा बोटानं टिपून खाणारी. ती मोठ्या विश्वासानं खात होती. राजेश्वरीनं नळ बंद केला.

भांडं घेऊनच ती बाहेर आली.

“आक्का, जरा आत येता का?”

“आता उठवू नको बाई. हितंच सांग.”

राजेश्वरीनं सांगितलं. आधी हळू सांगितलं, तर बनूबाईनं “काय? काय म्हनली?” विचारलं, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. “भांड्याला मैदा लावला मी. सवयीनं. चुकलं माजं. तुमचा सगळ्यांचा उपास…”

हातातले तुकडे हातात, तोंडातले तोंडात. सगळ्यांनी मनकर्णाकडे बघितलं. मनकर्णाचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं ताटली टेबलावर ठेवली, उठली, आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या घरात निघून गेली. पलीकडे दार लागल्याचा आवाज आला.

संपलं, राजेश्वरीला वाटलं. आता ह्या एकेक उठतील, आणि उद्यापासून फाटकाशीसुद्धा कुणी थांबणार नाही. उठायला कुणी सुरुवात करावी म्हणून बाया एकमेकींकडे बघत होत्या. तेवढ्यात बनूबाईनं घसा खाकरला.

“राजे,” ती म्हणाली, “उपास तर मोडला.”

“व्हय, बनूआत्या.”

“म्हंजे आता परत मोडायचा काय ऱ्हायला न्हाई.”

राजेश्वरी तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मंग ती नानकटाई बी आन की. मगापासनं बरनीत दिसती.”

आधी पंकजा, अंगणवाडीची बाई, खुदकन हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळी बागच हसायला लागली. “आसं करायचं आसतंय व्हय?” एकीनं विचारलं, आणि विचारता विचारता बरणीत हात घातला. नानकटाई संपली. बिस्किटं संपली. बिनअंड्याचा केक निघाला तोही गेला. मग कुणीतरी, कुणी ते पुढं कधीच कबूल केलं नाही, “त्यो दुसरा, अंड्याचा, कसा लागतो गं?” असं हळूच विचारलं, आणि त्याचाही चुरासुद्धा उरला नाही. बोलावलेल्या बहिणी, जावा येऊन पोचल्या त्यांना कुणी काही सांगितलं नाही; त्यांनी बघितलं आणि आपलं आपण ताटली घेतली.

गोरक्षनाथ शेतातून आला तेव्हा त्याला स्वतःच्याच फाटकातून आत शिरता येईना. खुर्च्या भरलेल्या, सतरंजी भरलेली, पत्र्यांच्या थप्पीवरसुद्धा दोघी बसून चहा पीत होत्या. तो बराच वेळ उभा राहिला. मग कुणीतरी त्याच्या हातात रिकामे कप दिले, तर तो ते मुकाट्यानं आत घेऊन गेला.

“शेडाचं बघू,” स्वयंपाकघरात कप ठेवत तो म्हणाला.

ती जिंकली होती. पण तिला काही गोड लागेना. कप विसळताना तिची नजर पुन्हा पुन्हा कुंपणाकडे जात होती. पलीकडचं दार अजून बंद होतं, आणि फोन वाजत होता. वाजून वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. मनकर्णा तो उचलत नव्हती, आणि हे बेलापुरात कधी घडलं नव्हतं.

दिवेलागणीला राजेश्वरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. घटापुढं दिवा होता आणि मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती. फोन मांडीवर.

“आक्का, चुकलं माजं. देवीपुढं जे काय करायचं आसंल ते सांगा, मी करते.”

“बस,” मनकर्णा म्हणाली.

राजेश्वरी उंबऱ्याशीच बसली.

“तुजा राग आला हुता,” मनकर्णा म्हणाली. “मंग माजा आला. सगळी भांडी बघितली मी, आन ज्यात भाजायचं त्येच बघितलं न्हाई.” ती जरा थांबली. “एवढी वरसं बाया मला इचारतात. काकू, ह्ये चालतं का, त्ये चालतं का. मी सांगते. आन घरी जाऊन काय खातात ते मला कळत न्हाई व्हय? उपासाच्या दिवशी भेळंच्या गाडीमागं तोंड लपवून हुभ्या ऱ्हातात, मी पाठ वळवून जाते. पन आजपातुर एक बाई आली न्हाई, की काकू, माजं चुकलं. तू भर मंडळात सांगितलंस. हाटेलाचं वाटोळं व्हईल ह्ये ठावं आसून.”

फोन पुन्हा वाजला. मनकर्णानं बघितलं, ह्या वेळी उचलला, आणि तिला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडून बनूबाई, आवाज एकदम बारीक.

“मनकर्णे, आमच्या उपासाचं काय गं? मोडला का न्हाई?”

मनकर्णानं डोळे मिटले. राजेश्वरीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मोडला म्हटलं तर उद्या सगळं गाव म्हणणार, त्या बाईच्या हाटेलात आमचा उपास मोडला.

“नकळत पोटात गेलेलं देवी धरत न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “त्या केकनं कुनाचा उपास मोडला न्हाई. राजेचा केक चालतो.”

“आगं बाई, सुटले!”

“त्याच्यानंतर नानकटाई कुनी कुनी खाल्ली, त्ये ज्याचं त्यानं देवीला सांगावं.”

पलीकडून फोन कट झाला. मनकर्णानं डोळे उघडले, राजेश्वरीकडे बघितलं, आणि दोघी अशा हसल्या की घटापुढचा दिवा विझतो की काय म्हणून मनकर्णाला त्यापुढं हात धरावा लागला.

हसू ओसरल्यावर मनकर्णा पदरानं डोळे पुसत म्हणाली, “भाऊजींना सांग, ट्रॅक्टर माज्या आंगनात लावा म्हनावं. पत्रे बी हिकडंच घाला. कुंपनाचा कोपरा काढला की वळन बसतंय. मोकळंच हाय की हितं.” मग दिव्याची वात सारखी करत, तिच्याकडे न बघता, “सकाळी भाऊजी तोंड पुसाया येतील त्याचं. तेवढंच घरात कुनी हाय आसं वाटंल.”

कुंपणापलीकडे इतकी वर्षं ही बाई सगळ्या गावाचे फोन घेत बसली होती, आणि तिच्या दारात मात्र कुणी येत नव्हतं. आपणही गेलो नाही, राजेश्वरीला वाटलं, आणि तिची तिला लाज वाटली. जावेचा हात हातात घेऊन तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षनाथानं मेंदीचा कोपरा तोडला आणि लाल ट्रॅक्टर मोठ्या इतमामानं थोरल्या वहिनीच्या अंगणात नेला. वहिनीनं ट्रॅक्टरला झेंडूचं फूल वाहिलं, ‘हा इथं का, अजून जरा मागं घ्या,’ म्हणत तो दोनदा हलवायला लावला, आणि मग पदर खोचून तोडलेल्या कुंपणातून सरळ इकडं आली. आधी स्वयंपाकघरात जाऊन भाजायचं भांडं स्वतःच्या हातानं घासलं, उन्हात धरून चारी बाजूंनी बघितलं. मग मैद्याचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथं राजेश्वरीचा हात पोचत नव्हता.

फाटकाशी दोन बाया आल्या होत्या, कालच्या मंडळातल्या. मनकर्णाला बघून त्या जरा बिचकल्या. मनकर्णानं त्यांना बसायची खूण केली आणि स्वतः पेरूखालची खुर्ची ओढून घेतली.

“राजे,” तिनं हाक मारली, “चहा आन.”

राजेश्वरी कप घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि सवयीनं आत जायला वळली.

“आगं, निघाली कुठं? तुजा बी आन,” मनकर्णा शेजारची खुर्ची पुढं सारत म्हणाली. “बस जरा. आपलंच हाय हाटेल.”